चिखल, चाकोऱ्या आणि ओढे: पावसातल्या ट्रेलचा माझा अनुभव

शनिवार-रविवार दोन्ही दिवस पाऊस आहे हे आधीच कळलं होतं. तरी आम्ही तिघांनी जायचं नक्की केलं. कोरड्या ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटेवर, ड्युअल-स्पोर्ट गाडी (रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालणारी मोटरसायकल) चालवणाऱ्याचं बरंच काही पोटात घालते. पावसात ती सवलत संपते, आणि मला नेमकं तेच बघायचं होतं. नंबरप्लेट लावून डांबरावरून यायचं आणि त्याच गाडीने तसंच चिखलात शिरायचं, यासाठी तर ही गाडी घेतली. मग चिखल आला की घरी बसायचं, हे मला पटत नाही.

वाट निवडताना मात्र घाई केली नाही. आमच्यात वयाने आणि अनुभवाने मोठा असलेल्याला आम्ही दादाच म्हणतो. त्याने ठरलेल्या वाटेतला एक तुकडा सरळ वगळला. गवताळ पठारावरून जाणारा तो भाग कोरडा असताना सुरेख असतो. "पावसात तिथे नको. आपण तीन गाड्या घालून निघून जाऊ, चर मात्र तसेच राहतील," तो म्हणाला. हे मला मनापासून पटतं. ओली मऊ जमीन टायरने उकलली की पाणी त्याच चरातून वाहतं, चर खोल होत जातो, मग पुढचे लोक त्याला टाळून बाजूने नवी वाट पाडतात आणि बघता बघता अरुंद वाटेचा रुंद राडा होतो. म्हणून आम्ही मुरूम आणि दगडाचा तळ असलेल्या वाटाच घेतल्या. डबकं आलं की कडेने गवतातून न जाता मधूनच जायचं, हेही तेव्हाच ठरलं.

डांबर संपलं तिथे पहिलं काम टायरची हवा कमी करण्याचं. रस्त्यावर २५ पीएसआयच्या आसपास होती, ती १५-१६ वर आणली. हवा कमी असली की टायर जमिनीवर पसरतो आणि गोट्यावरून उडण्याऐवजी त्याला धरून जातो. ट्यूबच्या टायरमध्ये याहून खाली मी उतरत नाही, कारण दगडावर आदळल्यावर ट्यूब रिमला चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. रिमलॉक, म्हणजे टायर रिमला दाबून धरणारी पकड, बसवला असेल तर टायर रिमवर फिरून व्हॉल्व्ह उपटला जाण्याची भीती नसते, त्यामुळे काहीजण १२ पर्यंत जातात. चिमट्याचा धोका तेव्हाही असतोच. गेज आणि छोटा पंप बॅगेत असेल तरच हवा काढावी. परत डांबरावर आल्यावर ती भरावीच लागते, नाहीतर टायर तापतो आणि वळणावर गाडी डुलते. तिथेच मागच्या चाकाचं एबीएस बंद केलं. चिखलाच्या उतारावर एबीएस हे चाक अडकू नये म्हणून ब्रेक सारखा सोडत राहतं आणि गाडी खालीच जात राहते.

पहिला तासभर नुसती रिपरिप होती, आणि दोन दिवसांतला सगळ्यात निसरडा भाग तोच. हलक्या पावसाने मातीचा फक्त वरचा पापुद्रा भिजतो. खाली कडक जमीन, वर लोण्यासारखा थर, आणि बटण टायरची बटणं, म्हणजे टायरवरचे ठळक रबरी ठोकळे, त्या थरातच फिरत राहतात. पाऊस जोरात आला की एकतर हा थर धुऊन जातो, नाहीतर माती आतपर्यंत मऊ होते, बटणं रुततात आणि पकड परत येते. दुपारी धो धो पावसात मी सकाळपेक्षा निवांत चालवत होते. ओढ्याकाठची वाळू तर भिजल्यावर चक्क सुधारली होती. कोरड्या भुसभुशीत वाळूत पुढचं चाक भरकटतं, ओलीत ते सरळ धावतं. मुरमाला पावसाचं फारसं काही वाटत नाही. पाऊस म्हटलं की सगळीकडे एकच सावधपणा घेऊन चालवणारे लोक मी पाहिलेत. ते वाळूत विनाकारण दबकतात आणि पुढे चिकणमातीत बेसावध शिरतात. जमिनीचा रंग आणि चमक बदलली की मनात नोंद व्हायला हवी. चकचकीत दिसते ती जमीन बहुतेक वेळा वाईट, खरखरीत दिसते ती बरी.

काळी चिकणमाती हे वेगळंच प्रकरण. ती बटणांच्या फटींत ठासून भरते आणि एवढा दातेरी टायर गुळगुळीत होऊन बसतो. या गाड्यांचं पुढचं मडगार्ड टायरपासून इतकं वर का असतं, ते अशा मातीत शिरल्यावर नीट समजतं: टायरला लागून असतं, तर मध्ये माती दाटून चाक फिरायचंच थांबलं असतं. दादाने सांगितलं तसं मी अधूनमधून क्षणभर रेस वाढवून मागचं चाक जोरात फिरवत होते. माती भिरकावली जाते आणि बटणं मोकळी होतात. एरवी हात स्थिर. रेसमधला झटका, ब्रेकमधला झटका, हँडलचा झटका, या तिन्हींची किंमत चिखल लगेच वसूल करतो.

आता चाकोऱ्या. जीप आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या, पाण्याने भरलेल्या लांबच लांब चाकोऱ्यांचा एक पट्टा होता. चाक एकदा आत गेलं की ते तिथेच राहणार हे आधी मान्य करावं लागतं. कड चढून बाहेर यायचा प्रयत्न केला की पुढचं चाक कडेला घासतं, आडवं होतं आणि गाडी पडते. मी फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभी राहिले, गुडघ्यांनी टाकी धरली आणि हात सैल सोडले. उभं राहिल्यावर वजन सीटवरून पेगवर, म्हणजे खाली जातं, आणि गाडी पायांखाली डावी-उजवी हलली तरी अंग तिच्याबरोबर फेकलं जात नाही. सगळ्यात कठीण नजर. डोळे आपोआप पुढच्या चाकाकडे वळतात, आणि तिकडे बघितलं की गाडी डगमगते. चाकोरी जिथे संपते तिथलं एक झुडूप हेरून मी त्याच्याकडे बघत राहिले. गाडी हलत होती, घसरत होती, चालत होती. क्लचवर दोनच बोटं, गिअर दुसरा. पहिल्या गिअरमध्ये चाकाला जोर जास्त मिळतो आणि ते जागीच फिरायला लागतं.

ओल्या मुळांबद्दल एवढंच सांगते: शक्य तितकं काटकोनात ओलांडायचं आणि मुळावर असताना ना ब्रेक, ना रेस. तिरकं चाक मुळावरून अक्षरशः रुळावर गेल्यासारखं बाजूला जातं.

दुपारनंतर ओढा आला. पाणी गढूळ, तळ दिसत नव्हता. दादा गाडी लावून काठी घेऊन पाण्यात उतरला आणि पलीकडे जाऊन परत आला. गुडघ्याच्या जरा खालपर्यंत पाणी, तळाला गोल गोटे, मध्ये एक खळगा. चालत बघून आल्याशिवाय अनोळखी पाण्यात गाडी घालायची नाही, हा त्याचा नियम आहे आणि आता माझाही. एअर फिल्टरची हवा आत घेण्याची वाट कुठे आहे, हे आपल्या गाडीचं आपल्याला माहीत असायला हवं. पाणी तिथवर पोचणार असेल तर गाडी ढकलत न्यायची किंवा मागे फिरायचं. दादा गेला, मी गेले. पहिला गिअर, एकसारखी रेस, नजर पलीकडच्या काठावर. मागून मित्र येत होता. मध्यावर त्याचं पुढचं चाक एका गोट्यावरून घसरलं आणि गाडी आडवी झाली. त्याने पडता पडताच किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, दाबला. दोघांनी धावत जाऊन गाडी उभी केली, काठावर ओढली. सवयीने त्याचा अंगठा सेल्फच्या बटणाकडे गेला.

"थांब! सेल्फ मारू नकोस!" दादा ओरडला.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर कुणीतरी वाकणार, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. मग ट्रेलवर करण्यासारखं काही उरत नाही. सीट काढून फिल्टर बघितला. फोम ओला होता. तो हळूच दाबून पाणी काढलं, एअरबॉक्स, म्हणजे फिल्टर बसतो तो डबा, पुसला. दादाने प्लगचा पाना काढला आणि स्पार्क प्लग बाहेर घेतला. त्याच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकत होता. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून आम्ही दोघांनी मागून ढकलली, इंजिन फिरलं आणि प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली. दुसऱ्यांदा थोडी, मग नुसती दमट हवा, तरी आणखी थोडं ढकललं. तिघांनी मिळून गाडी मागच्या चाकावर उभी धरून सायलेन्सरमधलं पाणी काढलं. ऑइलच्या काचेत डोकावलो: ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं. दुधाळ असतं तर पाणी इंजिनच्या पोटात गेलंय असा अर्थ, आणि ते तसंच चालवू नये. प्लग पुसून बसवला, थोडी कुरकुर करून गाडी चालू झाली. या सगळ्यात पडलेल्या माणसाने पाण्यातच किल स्विच दाबला, ही गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. इंजिन चालू राहिलं असतं तर ते पाणी ओढत राहिलं असतं. ओढा ओलांडल्यावर थोडं अंतर ब्रेक हलकेच दाबून चालवायचं, म्हणजे डिस्क आणि पॅड कोरडे होतात.

रविवारी सकाळी एक उतार होता, चिकण मातीचा आणि तीव्र. पुढचा ब्रेक जरा जास्त लागला की चाक निसटत होतं, आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवून उतरायचं तर मागचा ब्रेक दाबायला पाय मोकळा नाही. तिथे दादाने दाखवलेली रीत मला फार आवडली. इंजिन बंद करायचं, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, क्लच दाबायचा. क्लच हळूहळू सोडला की बंद इंजिन मागचं चाक धरतं, दाबला की सुटतं. क्लचचा मागच्या ब्रेकसारखा वापर, हाताने. सीटवर बसून, दोन्ही पाय चिखलात टेकवत, वीत वीत करत मी खाली आले. किती वेळ लागला याला महत्त्व नाही. गाडी माझ्या ताब्यात होती आणि खाली पोचेपर्यंत ताब्यातच राहिली.

पावसात खरा शत्रू थंडी आहे, याबद्दल लोक कमी बोलतात. हवा फार गार नसली तरी ओल्या कपड्यांतून वारा गेला की अंगातली ऊब निघून जाते, आणि सगळ्यात आधी बोटं बधिर होतात. क्लच आणि ब्रेक बोटांवर चालतात! रेनकोट जॅकेटच्या वरून घातला होता, म्हणजे जॅकेट भिजून जड होत नाही. मोजे लोकरीचे, सुती मोजे भिजले की पाय गारठतात, लोकर ओली असूनही ऊब धरते. हातमोज्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता. हेल्मेटची काच आतून धुरकटते तेव्हा ती किंचित उघडी ठेवावी. दुहेरी काच असेल तर उत्तमच. रविवारी दुपारी मित्राला कापरं भरलं आणि लिव्हरवर त्याची बोटं उशिरा जायला लागली. दादाने विचारलं, "खरं सांग, हात कळतायत का?" तो म्हणाला, "नाही रे दादा." आम्ही उरलेला ट्रेल सोडला आणि जवळच्या फाट्यावरून डांबरावर आलो. चर्चा झाली नाही, आणि व्हायलाही नको होती. थरथरणाऱ्या माणसाला निसरड्या वाटेवर पुढे नेणं मला कधीच मान्य होणार नाही.

त्यानंतरचं काम घरचं, आणि तेही ट्रेलइतकंच मन लावून करायचं. चिखल वाळायच्या आत गाडी धुतली, पण साध्या नळीने. जोराच्या फवाऱ्याने धुतलं की पाणी चाकांच्या बेअरिंगच्या, हँडलच्या आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून आत शिरतं, आणि चेनच्या ओ-रिंगमागचं (कड्यांमधल्या रबरी रिंगांमागचं) ग्रीसही निघून जातं. चेन पुसून, वाळवून ल्यूब केली. चेनचा ढिलेपणा मी गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाच्या ढिल्या टोकाला ठेवते, कारण स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चकतीत, चिखल भरला की चेन आपोआप ताठ होते. फिल्टरचा फोम धुऊन, पूर्ण सुकवून, फिल्टर ऑइल लावून बसवला. ब्रेक पॅड टॉर्च मारून बघितले. चिखलातली बारीक वाळू पॅड सॅंडपेपरने घासल्यासारखे खाते, आणि मागचे जवळजवळ संपले होते. स्पोक एकेक करून पान्याने वाजवून पाहिले, दोन ढिले निघाले, ते आवळले. पुढचं चाक वर उचलून फिरवलं तर बेअरिंगमध्ये बारीक खरखर लागली. ते काढून नवं मागवलंय, सीलसकट, कारण जुन्या सीलमधून पाणी पुन्हा आत जाणार.