सान क्लेमेंतेच्या तळघरात विचारलेला प्रश्न

रोममध्ये कलोसियमपासून चालत पाचेक मिनिटांवर सान क्लेमेंते हे चर्च आहे. मराठी सहलींना रोम दाखवणं हे माझं काम. प्रत्येक गटाला मी इथे आणतो, कारण ख्रिस्ती धर्माआधीचं रोम इथे जिना उतरता उतरता दिसतं. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्याखाली चौथ्या शतकातलं, आणि त्याच्याही खाली पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या इमारती. त्यांतल्या एकीत मिथ्रसचं मंदिर आहे. मिथ्रस हा रोमन साम्राज्यातल्या एका गुप्त पंथाचा देव. मधलं चर्च १८५७ साली फादर मलूली या आयरिश डॉमिनिकन धर्मगुरूंनी शोधून काढलं. पुढे तळाशी पाणी साचू लागलं, तेव्हा १९१२ ते १९१४ या काळात सुमारे ७०० मीटरचं भुयार खणून ते शहराच्या प्राचीन मुख्य गटारात सोडलं गेलं. खाली आजही वाहत्या पाण्याचा आवाज येतो.

त्या दिवशीच्या गटात पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक होते आणि वसईच्या एक ख्रिस्ती शिक्षिका. मंदिराच्या जाळीपाशी पोचल्यावर सरांनी मोबाइल काढला आणि आलेला मेसेज मोठ्यानं वाचला : मिथ्रस २५ डिसेंबरला कुमारीच्या पोटी जन्मला, त्याला बारा शिष्य होते, तो मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, त्याचे भक्त भाकरी आणि द्राक्षारसाचा प्रसाद घेत, म्हणजे येशूची गोष्ट मूळची याचीच. बाईंनी शांतपणे विचारलं, “म्हणजे आमचं सगळं उसनंच का हो?”

असा प्रश्न पुढ्यातल्या दगडाकडे बघूनच सोडवावा. मिथ्रसपंथाचा एकही धर्मग्रंथ उरलेला नाही. जे कळतं ते मूर्ती, शिलालेख, भिंतींवरची चित्रं आणि बाहेरच्यांनी केलेले उल्लेख यांतून. जाळीतून दिसते ती लांबट, गुहेसारखी, कमानदार छताची खोली. दोन्ही बाजूंना जेवायला रेलून बसण्याचे दगडी ओटे, मध्ये वेदी. वेदीच्या दर्शनी बाजूला मिथ्रस बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून त्याचं मुस्कट मागे खेचतोय आणि खांद्यात सुरा खुपसतोय. शेजारच्या दोन बाजूंवर दोन मशालधारी, एकाची मशाल वर, दुसऱ्याची खाली.

आता यादी. मिथ्रस जन्मतो तो खडकातून, तोही वाढलेला, एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात मशाल घेऊन. अशा मूर्ती अनेक ठिकाणी सापडल्या आहेत. त्यात आई नाही, कुमारी तर नाहीच. बारा शिष्य कुठल्याच शिलालेखात नाहीत. काही शिल्पांत बैलाच्या प्रसंगाभोवती बारा राशी कोरलेल्या असतात, त्यांचेच कुणीतरी शिष्य केले असावेत. आणि मरतो तो बैल. मिथ्रसच्या मृत्यूची कथाच नाही, मग तिसऱ्या दिवशी उठणार कोण? बैलाच्या रक्ताखाली भक्ताला न्हाऊ घालण्याचा विधीही त्याच्या नावावर खपवला जातो. तो संबंध सिबेली देवीच्या पंथाशी आहे.

आव्हेंतीन टेकडीवर सांता प्रिस्का चर्चखाली दुसरं मंदिर आहे. तिथल्या भिंतीवरची एक ओळ ‘रक्त सांडून तू आम्हांलाही तारलंस’ अशी वाचली गेली आणि पुस्तकापुस्तकांतून फिरली. पुढे रंग बारकाईनं तपासला, तेव्हा त्यातला कळीचा भागच नीट वाचता येत नाही असं दिसलं. एका अर्धवट पुसलेल्या ओळीवर एवढा इमला उभा राहतो, म्हणून मी यादीतल्या प्रत्येक दाव्याला आधी विचारतो : हे कुठे लिहिलंय, आणि कधी?

भोजनाचा मुद्दा मात्र खरा आहे. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्येच जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं लिहून ठेवलंय की मिथ्रसच्या दीक्षेत भाकरी आणि पाण्याचा पेला ठेवून काही शब्द उच्चारतात. हे साम्य त्याला इतकं खटकलं, की भुतांनी आमची नक्कल केली असं तो म्हणतो. पण प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायच्या भाकरी-द्राक्षारसाबद्दल, लिहिलं ते इसवी सन ५० च्या दशकात, आणि रोममध्ये मिथ्रसपंथाचे ठोस पुरावे मिळतात ते पहिल्या शतकाच्या अखेरीपासून. सर म्हणाले, “पण पौल तार्ससचा, म्हणजे आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या किलिकियाचा. आणि किलिकियाचे चाचे मिथ्रसचे गुप्त विधी करत असं प्लूटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो.” मुद्दा बिनतोड वाटतो. पण प्लूटार्कनं हे लिहिलं चाच्यांनंतर दीडएकशे वर्षांनी, आणि त्या विधींत भोजन होतं का, याबद्दल तो गप्प आहे. प्रभुभोजनाचं मूळ शोधायला इतकं लांब जावंच लागत नाही. भाकरी हातात घेऊन देवाचे आभार मानणं, ती मोडून वाटणं, वल्हांडण सणाचं जेवण, हे सगळं यहुदी घरातलं आहे. बाप्तिस्म्याच्या मागेही यहुद्यांची शुद्धिस्नानं आहेत. सगळ्यात मोठा वारसा तिथला, आणि नेमका तोच या मेसेजांतून गायब असतो.

गटातल्या एका मुलीनं सूर्यनमस्कारातल्या ‘ॐ मित्राय नमः’चा विषय काढला. मित्र आणि मिथ्रस ही नावं एकाच घराण्यातली आहेत. इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातल्या हित्ती आणि मितान्नी या पश्चिम आशियातल्या दोन राज्यांच्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला आहेत. पण गुहा, बैलाचा वध, ‘कावळ्या’पासून ‘पित्या’पर्यंतच्या दीक्षेच्या सात पायऱ्या, फक्त पुरुषांना प्रवेश, हा सगळा संसार रोमन साम्राज्यात उभा राहिला. या पंथाचे जुने अभ्यासक फ्रान्झ क्यूमाँ तो इराणातून आला असं मानत. मिथ्रसच्या अभ्यासकांच्या १९७१ च्या मँचेस्टर परिषदेपासून ते मत ढिलं पडलं.

मग प्रभाव आहे कुठे? दिनदर्शिकेत, चित्रांत आणि सवयींत. ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात २५ डिसेंबरला ‘अजिंक्या’चा जन्मदिवस आणि ३० रथशर्यती नोंदवल्या आहेत. मिथ्रसचं नाव तिथे नाही. बहुतेक अभ्यासक हा अजिंक्य म्हणजे सूर्य मानतात. त्याच ग्रंथात, बहुधा ३३६ मधल्या यादीत, ख्रिस्ताचा जन्मही त्याच तारखेला आहे. दोन्ही नोंदी एकाच ग्रंथात असल्यानं कुणी कुणाकडून घेतलं ते त्यावरून ठरत नाही. २५ मार्चला गर्भधारणा धरून पुढे नऊ महिने मोजण्याची ख्रिस्ती रीतही होती. माझ्या मते दोन्ही ओढ्यांचं पाणी या तारखेत आहे.

सूर्याचं आकर्षण मात्र नाकारता येत नाही. पोप लिओ (४४० ते ४६१) नाताळच्या प्रवचनात तक्रार करतो की सेंट पीटरच्या पायऱ्या चढून आलेले ख्रिस्ती लोक दाराशी वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करतात. त्या चर्चचं दार पूर्वेला, त्यामुळे आत जाताना सूर्य पाठीमागे येतो. म्हणून लोक मुद्दाम मागे वळत.

यावर बाई म्हणाल्या, “आमच्या लग्नात हळद लागते, मंगळसूत्र असतं. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, होतेच. धर्म बदलला तरी घर तेच राहतं ना?” मला हे पटतं. फक्त हळदीवरून मिस्सेचा अर्थ लावता येत नाही, तसा सूर्याच्या तारखेवरून पुनरुत्थानाचाही नाही. देहानं पुन्हा उठण्याची आशा यहुद्यांमध्ये, त्यांच्या दानिएल या धर्मग्रंथात, आधीपासून आहे. तिच्यावर इराणी विचारांची छाया किती, हा वाद खरा आणि मोठा आहे. यहुदी लोक दोनशे वर्षं इराणी सम्राटांच्या राज्यात होते. सरांना मी म्हटलं, यादीत घालायचंच असेल तर हे घाला.

निघताना सरांनी विचारलं, मंदिरावरच मुद्दाम चर्च बांधलं ना? अर्धं खरं आहे. चौथ्या शतकातल्या चर्चचा मुख्य भाग गल्लीपलीकडच्या दुसऱ्या इमारतीवर आहे. मिथ्रसच्या खोलीवर आला तो फक्त वेदीमागचा अर्धगोल, शतकाच्या अखेरीस.

प्रभाव डोळ्यांनी बघायचा असेल, तर सेंट पीटरच्या तळघरातली ‘एम’ क्रमांकाची कबर बघावी. छतावर सोनेरी मोझेक, हिरव्या द्राक्षवेली, मध्ये किरणांचं वलय असलेला, रथावर उभा पुरुष. सूर्यदेवच, असं वाटतं. पण त्याच कबरीच्या भिंतींवर माशाच्या तोंडातला बायबलमधला योना, गळ टाकणारा कोळी आणि मेंढपाळ आहेत, म्हणून अभ्यासक त्याला ख्रिस्त मानतात. काही तुकडे गळून पडलेत, तिथे फक्त खाली आखलेली रेघ दिसते. व्हॅटिकनच्या उत्खनन कार्यालयाकडे बरेच दिवस आधी लेखी मागणी करावी लागते, गट लहान असतात आणि लहान मुलांना सोडत नाहीत. सर आणि बाई दोघांनीही त्याची माहिती लिहून घेतली.