सुलतानचं भुंकणं

तात्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कुत्रं टेबलावर चढवता चढवता म्हणाले, "आन् डाक्टर, ह्येचं भुकणं बदललंय. घशात फडकं कोंबल्यागत भुकतंय." मी "हं" म्हणालो आणि थर्मामीटर लावला. केसपेपरवर त्या वाक्यातला एक शब्द नाही. ताप १०४.६, हिरड्या फिक्या, चार दिवस खाणं बंद, कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचिडी, हे सगळं आहे, माझ्याच अक्षरात.

माझा दवाखाना वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. इथं पावसाळा सरल्यापासून दिवाळीनंतरपर्यंत कुत्रं म्हणजे गोचीडताप असंच समीकरण झालेलं आहे. मालक दारातूनच "गोचीडताप झालाय" म्हणत येतो आणि निम्म्या वेळा त्याचं खरंही असतं. सुलतान तात्यांचा पाच वर्षांचा कारवानी. लांब तोंड, आत गेलेलं पोट, २२ किलो. एरवी मला बघितल्यावर गुरगुरणारं जनावर त्या दिवशी मुकाट आडवं झालं. तेवढ्यावरनंच मी गंभीर व्हायला हवं होतं.

किट लावलं. रक्ताचा थेंब, वर द्रावण, दहा मिनिटं. आमच्याकडच्या किटवर चार आजार कळतात. त्यांतला हार्टवर्म तेवढा कृमीचाच अंश पकडून ओळखला जातो. एर्लिकिया (आमच्या भाषेत गोचीडताप म्हणजे बहुधा हाच), अनाप्लाझ्मा आणि लाईम या गोचिडीतून येणाऱ्या तिघांच्या रेघा उमटतात त्या कुत्र्याच्या शरीरानं तयार केलेल्या प्रतिपिंडांवर. एर्लिकियाची रेघ ठळक उमटली, शंकेला जागाच नाही अशी. प्लेटलेट ६२ हजार, म्हणजे बऱ्याच कमी. असिस्टंट पोरगा म्हणाला, "सर, फिट्ट बसलं." बसलंच होतं. डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं, २८ दिवसांचा कोर्स, जेवणानंतर, वर भरपूर पाणी.

स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेला रक्ताचा थर, मी तरीही केला. याचा मला थोडा अभिमान आहे, म्हणून सांगतो. किट आल्यापासून आमच्यातल्या पुष्कळांनी सूक्ष्मदर्शकावर टॉवेल टाकून ठेवलाय. नवी पोरं तर किटचा फोटो ग्रुपवर टाकतात आणि खाली विचारतात, "डोस काय?" जनावराबद्दल एक ओळ नाही. मी शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलो. तिथल्या आमच्या मॅडमनी माझे पहिले तीन स्मिअर डोळ्यांदेखत बेसिनमध्ये टाकले होते. रक्त कानाच्या कडेचं घ्यायचं, कारण बबेसिया या रक्तपरजीवीनं धरलेल्या पेशी बारीक केशवाहिन्यांत जास्त साचतात. दुसरी काच तिरकी धरून एकाच हातानं, न थांबता ओढायची. शेवट जिभेच्या टोकासारखा यायला हवा. लगेच हलवून वाळवायचं, मिथेनॉलमध्ये बुडवायचं, मग ताजं पातळ केलेलं आणि गाळलेलं गिम्सा. शिळ्या रंगाचे कण काचेवर बसतात आणि नवशिका त्यांनाच परजीवी समजून टाळ्या पिटतो. तर सुलतानचा स्मिअर चांगला आला होता. तेलाच्या लेन्सखाली मी तो पाच मिनिटं बघितला. बाहेर दोन शेळ्या आणि एक फोडाची म्हैस ताटकळत होती. बबेसिया नाही, हिपॅटोझून नाही. मी लिहिलं, 'रक्तपरजीवी नाहीत.'

'दिसले नाहीत' असं लिहायला मॅडमनी शिकवलं होतं. घाईत मी 'नाहीत' लिहिलं. शहरातल्या ज्या लॅबमधून प्लेटलेटचा आकडा आला, तिच्या रिपोर्टवरही हेच वाक्य होतं, पण ते टेम्प्लेटमध्येच छापलेलं असतं. माणसांच्या रक्ताची लॅब ती. कुत्र्याच्या रक्ताची काच तिथं कुणी डोळ्याखाली घातली असेल यावर माझा विश्वास नाही. प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या तरी यंत्र बिनदिक्कत आकडा देतं. पण त्यांना नावं कशाला ठेवू? माझ्या वाक्याला तर टेम्प्लेटचीही सबब नव्हती.

तिसऱ्या दिवशी तात्यांचा फोन आला. ताप उतरला, अर्धी भाकरी दुधात खाल्ली. मी खूश. औषध लागू पडलं म्हणजे निदान बरोबर, असा हिशोब मनात आपोआप होतो. ताप त्या आजारात आपला आपणच चढतो-उतरतो, डॉक्सीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे पुढं कळलं.

नवव्या दिवशी सुलतानला तात्यांनी आणि त्यांच्या सुनेनं रिक्षातून आणलं. दोन्ही डोळ्यांवर निळसर साय. नीळ घातलेल्या पाण्याचा रंग असतो ना, तसा, आणि त्यामागं बाहुली दिसेना. तोंड सुजून कारवानीचं लांबट तोंड बुलडॉगसारखं झालेलं. मागचे पाय घोट्यापर्यंत जाड, बोट दाबलं की खळगा राहायचा. हिरड्या पांढऱ्या. आणि टेबलावर ठेवताना त्यानं भुंकायचा प्रयत्न केला. घोगरा, फाटका, हवा गळाल्यासारखा आवाज. असिस्टंट दोन पावलं मागं सरला. रेबीजमध्येही आवाज बदलतो, हे त्याला शिकवलेलं मीच. हातमोजे घातले, तोंडाजवळ कुणाला जाऊ दिलं नाही. लस दोन महिन्यांपूर्वीचीच होती, पाणी तो पीत होता. तेवढ्यात सूनबाईंनी पिशवीतून लसीकरणाची वही काढली. पहिल्या खेपेला वही घरीच राहिली होती. आत गेल्या पावसाळ्यातली नोंद, दुसऱ्या डॉक्टरांच्या हातची: एर्लिकिया, डॉक्सी २८ दिवस.

मी पहिल्या दिवशी तात्यांना विचारलं होतं, आधी कधी गोचीडताप झालता का. "न्हाई बा," असं उत्तर मिळालं होतं. सूनबाई म्हणाल्या, "असं कसं? गेल्या वर्षी झालता की. तुमी पंढरीला गेलावता."

प्रतिपिंडं आजार बरा झाल्यावरही महिनोन् महिने, कधी वर्षावर रक्तात राहतात. म्हणजे ती ठळक रेघ ही गेल्या वर्षीच्या चोरीच्या पंचनाम्याची प्रत. आज घरात चोर आहे का, असला तर तोच का, हे पंचनामा सांगत नाही. किट खोटं बोललं नव्हतं. त्याला विचारलं त्याचं त्यानं बरोबर उत्तर दिलं. तरीही निळे डोळे, सूज, फिकेपणा, कमी प्लेटलेट हे ओढूनताणून एर्लिकियातही बसतं आणि मी ते दोन मिनिटं बसवूनही बघितलं. आवाज तेवढा बसेना.

मग शिरेतलं रक्त घेतलं, एक थेंब काचेवर, वर कव्हरस्लिप, रंग नाही, काही नाही. कंडेन्सर खाली, प्रकाश कमी, ४० ची लेन्स. याला आम्ही ओला स्मिअर म्हणतो. करायला एक मिनिट लागतं, खर्च एका काचेचा, आणि गोचीडतापाच्या नादात कुत्र्यात तो करायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

उसात डुक्कर शिरलं की शेंडे हलतात, डुक्कर दिसत नाही. तसंच झालं. तांबड्या पेशींच्या गर्दीत एका जागी पेशी ढकलल्या जात होत्या, आपटत होत्या, परत जागेवर येत होत्या. ती खळबळ सरकत सरकत मोकळ्या जागेत आली आणि मग तो दिसला. तांबड्या पेशीच्या तिप्पट-चौपट लांब, पारदर्शक, वळवळणारा, पुढं चाबूक. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. याच्यानं होतो तो आजार सर्रा. एका दृश्यात तीन-तीन होते. १८८० साली डेरा इस्माईल खानला ग्रिफिथ इव्हान्सनं घोड्याउंटांच्या रक्तात हेच वळवळताना बघितलं होतं, म्हणून हे नाव. मी असिस्टंटला बोलावलं, तात्यांनाही बोलावलं. तात्यांनी एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "आरं तिच्या! ह्ये तर जितं हाय."

सर्रा गोचिडीतून येत नाही. गुराघोड्यांना चावणारी मोठी टॅबॅनस माशी, आमच्याकडं तिला गोमाशी म्हणतात, ती एकाचं रक्त पिताना उठून दुसऱ्यावर बसते आणि सोंडेवरून परजीवी नेते. म्हणून गोचीडतापाच्या किटवर तो नाही आणि लॅबच्या 'टिक पॅनल'च्या महागड्या पीसीआरमध्येही बहुधा नसतो. तात्यांनी पाच हजार घालून ती तपासणी केली असती तरी कागदावर 'निगेटिव्ह' आलं असतं, आणि मी आणखी निर्धास्त झालो असतो.

माशी आली कुठून? तात्यांच्या रानाला लागून ऊसतोड टोळीचा तळ होता, दहा-बारा बैलजोड्या. गाईबैलांत सर्रा पुष्कळदा लक्षणांशिवाय राहतो. सुलतान रात्रभर तिथंच. मी दुसऱ्या दिवशी गेलो, मुकादमाला रक्त मागितलं. "बैल ठणठणीत हायती, सुई कशाला टोचता?" त्याचंही खरं, त्याचं पोट त्या बैलांवर आणि मी कोण कुठला. शेवटी एका बैलाचं मिळालं. ओल्या स्मिअरमध्ये काही दिसलं नाही. 'दिसलं नाही' असंच लिहिलं.

तात्यांनी विचारलं, "माणसाला हुतो काय?" खोटं कशाला सांगू. २००४ साली आपल्याच राज्यात, चंद्रपूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या रक्तात हा सापडला होता. या परजीवीला मारणारं एक प्रथिन माणसाच्या रक्तात असतं, त्या माणसात नेमकं तेच नव्हतं. औषधानं तो बरा झाला. "तुमच्यात असंल ते," असं मी म्हणालो आणि तात्या हसले, पण सूनबाईंनी रिक्षात बसण्याआधी हात दोनदा धुतले.

औषध डिमिनाझीन. कुत्र्याला ते जपून द्यावं लागतं. डोस चढला तर मेंदूवर जातं, कुत्रं लडबडतं, झटके येतात. किलोला साडेतीन मिलिग्रॅम. मी सुलतानला परत काट्यावर ठेवलं, सूज धरून २३ भरला, तरी हिशोब २२ चाच केला. ७७ मिलिग्रॅम म्हणजे १.१ मिली, खोल मांसात. रात्री दोनदा फोन करून विचारलं, चालतोय का, पडतोय का. दुसऱ्या दिवशीच्या रक्तात एकही वळवळ नव्हती. चार दिवसांत तोंडाची सूज उतरली. उजवा डोळा तीन आठवड्यांत स्वच्छ झाला. डाव्यावर अजून धुरकट ठिपका आहे. हे औषध मेंदूत नीट पोचत नाही, तिथं एखादा लपून राहिला तर आजार उलटू शकतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी रक्त बघतो. तीनदा बघितलंय. दिसलेलं नाही.

पहिल्या दिवसाची स्लाईड मी टाकली नव्हती. परवा रविवारी, दवाखाना बंद असताना, शटर अर्धं ओढून ती काढली. मला एवढंच बघायचं होतं की त्या दिवशी रक्तात परजीवी नव्हतेच, की होते आणि मी पाच मिनिटांत उठलो. सर्ऱ्यात त्यांची संख्या दिवसागणिक चढते-उतरते, तेव्हा 'नव्हतेच' हेही अगदी शक्य होतं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. स्मिअरच्या एका कडेपासून सुरुवात केली, खाली-वर करत, एकही पट्टा न सोडता. पस्तिसाव्या मिनिटाला, जिभेच्या अगदी टोकाला, जिथं पेशी विरळ होतात तिथं, एक बाकदार जांभळी रेघ होती. मधोमध गडद ठिपका. निम्म्या भागावर रंगाचा कण बसलेला, त्यामुळं शेपटाकडचं टोक कळेना.

मोबाईल आयपीसला लावून फोटो काढला आणि मॅडमना पाठवला. त्या आता निवृत्त आहेत, साताऱ्याला असतात. तासाभरानं उत्तर आलं: "असू शकेल. पण यावर मी सही करणार नाही. आणि रंग गाळून घेत जा."

त्या जागेभोवती मार्करनं गोल करून स्लाईड परत डबीत ठेवली आहे.