मुळशीचं पाणी आणि कुंडलिकेतला तो दगड

कोलाडला कुंडलिका नदीत होडी वल्हवायला पहाटे साडेचारला पुण्यातून निघालो, मी आणि माझा कॉलेजपासूनचा दोस्त, ज्याला पोहता मस्त येतं पण उठता अजिबात येत नाही. उशीर झाला तर सगळं संपलं, कारण कोलाडच्या कुंडलिकेचं गणित वेगळं आहे, भिऱ्याच्या पॉवर हाऊसमधून वीज तयार करून झाली की पाणी सुटतं आणि तेवढेच काही तास नदी खवळते, बाकी वेळ गोटे मोजत बसा.

अंधारात मुळशीचा तलाव मागे पडला तेव्हा म्हटलं, बघ, हेच पाणी आपल्याला खाली भेटणार. त्याला पटेना. खरंतर मुळा नदीचं हे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जायचं, पण टाटांनी धरण बांधून ते सह्याद्रीच्या पोटातून कोकणात सोडलं, भिरा सुरू झालं १९२७ ला. त्याआधी १९२१ ला या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला होता, गावं बुडाली ती बुडालीच. हे सगळं मी ताम्हिणी घाटात सांगत होतो आणि हा मागच्या सीटवर घोरत होता.

राफ्टिंग आधी केलेलं, यावेळी प्रत्येकी एक हवा भरलेली कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी घेतली, गाईड लोक तिला डकी म्हणतात. तळाला भोकं असतात, आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं, त्यामुळे बुडायची भीती नाही, पण राफ्टमध्ये आठ जण असतात आणि ओरडायला गाईड असतो, इथे चूक झाली की ती फक्त तुमचीच. गाईड दुसऱ्या कयाकमधून बजावत होता, दगडावर आदळलात तर दगडाकडेच झुका, लांब झुकायचं नाही. ऐकायला सोपं. दगड अंगावर येताना शरीर बरोब्बर उलटं करतं, पाणी येतं त्या बाजूची कड खाली दबते, पाणी आत घुसतं आणि कयाक पालथी!

तिसऱ्या की चौथ्या रॅपिडला, म्हणजे खळाळत्या टप्प्याला, माझं तेच झालं. पाण्यात पडलं की पाय वर उचलून प्रवाहाच्या दिशेने ठेवायचे, हे आठवलं म्हणून नशीब, नाहीतर दगडात पाय अडकला असता. नाकातोंडात मुळशी गेली. वल्हं हातात राहिलं, चप्पल गेली, आणि दोस्त एका दगडाच्या आडोशाला संथ पाण्यात आरामात थांबून हसत होता, म्हणे "अरे, दगडाला मिठी मार सांगितलं होतं ना!" झोपाळू माणूस, पण पाण्यात उतरला की काय होतं याला कोण जाणे.

त्यानंतर मात्र दोघंही नीट चाललो, दोन दगडांमधून पाणी खाली निमुळतं होत जातं ती जीभ धरायची आणि मध्येच वल्हवणं थांबवायचं नाही, बास. शेवटच्या संथ पट्ट्यात कयाकवर आडवे पडून आकाश बघत आलो.

भाकरी-पिठलं हाणून परतताना पुलावर गाडी थांबवली. पाणी उतरलेलं. माझा दगड उघडा पडला होता, जेमतेम स्कूटरएवढा. त्याने फोटो काढून लगेच ग्रुपवर टाकला.