आणि ते मुसलमान असते तर?

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये मिनेसोटातल्या एका सभेत एका बाईंनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार जॉन मकेन यांना सांगितले की, त्यांचे प्रतिस्पर्धी बराक ओबामा यांच्यावर आपला विश्वास नाही, कारण ते अरब आहेत. मकेन यांनी मान हलवत त्यांच्या हातातला माईक घेतला आणि ओबामा हे सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक असल्याचे ठामपणे सांगितले. प्रतिस्पर्ध्याची अशी पाठराखण मला फार मोलाची वाटते. तरीही त्या उत्तरात अरब असणे आणि सभ्य असणे या जणू दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या, ही सल मनातून जात नाही. केनियातल्या मुस्लिम घराण्यात जन्मलेले वडील आणि ‘हुसेन’ हे मधले नाव, एवढ्यावरून वीसेक वर्षे शिकागोतल्या चर्चशी जोडलेल्या माणसाच्या धर्माविषयी कुजबुज चालली होती.

खरा प्रश्न नऊ दिवसांनी रिपब्लिकन पक्षाच्याच कॉलिन पॉवेल या माजी परराष्ट्रमंत्र्यांनी दूरचित्रवाणीवर विचारला: ओबामा मुसलमान असते, तरी काय बिघडले असते? मग त्यांनी आपण पाहिलेल्या एका छायाचित्राविषयी सांगितले. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत एक आई मुलाच्या थडग्याच्या दगडावर डोके टेकून बसली होती. इराकमध्ये मारल्या गेलेल्या त्या वीस वर्षांच्या अमेरिकी सैनिकाच्या दगडावर क्रॉस नव्हता, चंद्रकोर आणि तारा कोरलेला होता.