स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, तरी डबल एंट्रीशिवाय निघू नका : माझा अनुभव

प्रस्ताव मंजूर होणं, गोव्याच्या एनसीपीओआर या ध्रुवीय संशोधन संस्थेमार्फत ‘हिमाद्री’वर (आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं भारताचं संशोधन केंद्र) जागा मिळणं, वैद्यकीय तपासणी, ‘रिसर्च इन स्वालबार्ड’ पोर्टलवर प्रकल्पाची नोंदणी हे सगळं रीतसर होतं. वेळ जातो, पण प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं. मुंबईतल्या व्हिसा केंद्राच्या काउंटरवर जे अडलं, त्याचा राग मात्र अजून गेलेला नाही. पुढच्या मोसमात निघणाऱ्यांसाठी लिहून ठेवतोय.

९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये स्वालबार्ड करार झाला. भारताच्या वतीने ब्रिटनने सही केली होती. करारातल्या देशांच्या नागरिकांना तिथे समान प्रवेश आहे आणि स्वालबार्डसाठी म्हणून व्हिसा कुणालाच लागत नाही. म्हणूनच न्यू-ऑलेसुंदच्या एवढ्याशा वस्तीत जर्मनी-फ्रान्स, इटली, जपान, कोरिया, चीन यांच्या शेजारी २००८ पासून आपलंही केंद्र, म्हणजे ‘हिमाद्री’, आहे. पण मुंबईहून तिथे जायचं तर वाट नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून. मुख्य भूमी शेंगेनमध्ये (युरोपातल्या देशांचं सामाईक व्हिसा-क्षेत्र), स्वालबार्ड शेंगेनबाहेर. ऑस्लोला पोचलात की पहिली एंट्री झाली, स्वालबार्डच्या मुख्य गावी, लाँगइअरब्येनला निघालात की शेंगेनमधून बाहेर, आणि परतताना दुसरी एंट्री. विमान उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोमार्गे असेल तर तिथे सगळ्यांना उतरवून पासपोर्ट तपासतात. सिंगल एंट्रीवर जाता येईल, पण परत येताना दार बंद.

काउंटरवर हेच पटत नाही. “ऑस्लो ते लाँगइअरब्येन डोमेस्टिकच ना? मग डबल एंट्री कशाला?” प्रश्न अगदीच वेडा नाही म्हणा. बेटं नॉर्वेचीच, विमान कंपनी नॉर्वेची, तिकिटावर देशही नॉर्वेच. त्यांच्या चेकलिस्टमध्ये शेंगेनबाहेरच्या नॉर्वेला रकानाच नाही. मग हॉटेलचं व्हाउचर मागतात. न्यू-ऑलेसुंदला आपण केंद्राच्या व्यवस्थेत राहतो, तिथलं बुकिंग वस्ती चालवणाऱ्या किंग्ज बे कंपनीकडून येतं, आणि त्या पत्राला ‘व्हाउचर’ मानायला समोरची व्यक्ती तयार नसते. शेवटी सल्ला येतो, “सिंगल करून टाका, लवकर होईल.”

करू नका. व्हिसा केंद्र फक्त कागद गोळा करून पुढे पाठवतं, निर्णय दूतावास घेतो आणि तिथे स्वालबार्ड ठाऊक असतं. अर्ज आहे तसाच पुढे पाठवा, हवं तर कागद अपुरे असल्याचा शेरा मारा, असं शांतपणे सांगायचं. (शांतपणे हे मुद्दाम लिहितोय. मला ते जड गेलं.) अर्जात एंट्री ‘दोन’ किंवा ‘मल्टिपल’ निवडा. कव्हर लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की स्वालबार्ड शेंगेनबाहेर असल्याने परतीच्या प्रवासासाठी दुसरी एंट्री लागते. सोबत तारीखवार तक्ता जोडा : कोणत्या दिवशी कुठे मुक्काम, तो शेंगेनच्या आत की बाहेर. संस्थेचं पत्र, एनसीपीओआरचं पत्र, किंग्ज बेचं बुकिंग आणि पोर्टलवरचा प्रकल्प क्रमांक यांतल्या तारखा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एका पत्रात मुंबईहून निघायची आणि दुसऱ्यात न्यू-ऑलेसुंदला पोचायची तारीख असली की तेवढ्यावरून फाइल परत येते.

स्वालबार्डवरचे दिवस शेंगेनच्या मुक्कामात धरत नाहीत. आणि अर्ज करायचा तो शेंगेनमधल्या ज्या देशात मुक्काम जास्त, त्या देशाकडे. त्यामुळे वाटेत जर्मनीत चार दिवसांची कार्यशाळा आणि ऑस्लोत एक रात्र असा बेत असेल, तर नॉर्वेकडे अर्ज का, हा प्रश्न येणारच. शक्यतो ती कार्यशाळा पुन्हा कधीतरी करा. व्हिसात परतीला दोन-तीन दिवस जास्तीचे मागा, कारण लाँगइअरब्येन ते न्यू-ऑलेसुंद छोटं विमान आहे आणि धुक्यात ते उडत नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाप्रमाणे निर्णय १५ दिवसांत, पण ४५ पर्यंत ताणू शकतात. उन्हाळी मोहिमेसाठी मार्चमध्येच अर्ज गेलेला बरा. मे महिन्यात निम्मी मुंबई युरोपला निघालेली असते. बोटांचे ठसे गेल्या ५९ महिन्यांत दिले असतील तर सहसा पुन्हा लागत नाहीत. फी ९० युरो, पण शेंगेनच्या व्हिसा संहितेत संशोधनासाठी जाणाऱ्यांना ती माफ आहे. हे आपणहून कुणी सांगत नाही, पैसे भरण्याआधी विचारा.

इन्शुरन्सबद्दल लिहायचं राहिलंच. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, ते शेंगेनसाठीच्या पॉलिसीत मिळतं. पण ‘शेंगेन देश’ एवढंच छापलेली पॉलिसी स्वालबार्डवर चालेलच असं नाही. स्वालबार्डचं नाव आणि हेलिकॉप्टरने शोध-सुटकेचा खर्च, दोन्ही लिहून घ्या. लाँगइअरब्येनचं रुग्णालय लहान आहे, गंभीर रुग्ण ट्रोम्सोला हलवतात.

पासपोर्ट हातात आला की काउंटर सोडण्याआधी स्टिकर वाचा. एंट्रीच्या जागी ०२ किंवा मल्ट हवं. ०१ असेल तर तिथेच लेखी तक्रार द्या.

सामानाचं थोडक्यात. न्यू-ऑलेसुंदच्या २० किलोमीटर परिसरात २ ते ३२ गिगाहर्ट्झवर रेडिओ शांतता पाळतात, कारण तिथल्या भूमापन वेधशाळेच्या रेडिओ दुर्बिणी दूरच्या क्वेसारचे (अतिदूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रं) अतिक्षीण संकेत टिपतात. वायफाय आणि ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे दोन्ही बंद. फक्त ब्लूटूथवर डेटा देणारा लॉगर (मोजमापं नोंदवणारं उपकरण) घेऊन गेलात तर तो तिथे निरुपयोगी. केबलवाला घ्या आणि सॉफ्टवेअर मुंबईतच लॅपटॉपवर टाकून केबलने एकदा डेटा उतरवून बघा. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच, १०० वॉट-अवरपर्यंत विनापरवाना. १०० ते १६० पर्यंत एअरलाइनची मंजुरी लागते आणि दोनच नेता येतात. ती मंजुरी ईमेलवर घेऊन छापील प्रत जवळ ठेवा. सहारला चेक-इनवर फोनमधला ईमेल दाखवून भागत नाही.