माडीवरचा राउटर आणि २० तारीख

जूनच्या २० तारखेला संध्याकाळी पंचवटीत विजांसकट जोराचा पाऊस झाला. तासभर वीज गेली आणि ती परत आली तेव्हा आमच्या घरातलं नेट बंद पडलं होतं. २० तारीख म्हणजे काय, हे हिशेबाची कामं करणाऱ्यांना सांगायला नको. जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. माझ्याकडे रविवार कारंजा आणि भांडी बाजारातल्या अकरा दुकानांचं काम आहे आणि त्यातल्या चौघांची रिटर्न त्या संध्याकाळी बाकी होती.

गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की वायफायच्या काड्या पूर्ण दिसत होत्या. खाली जाऊन मुख्य राउटर पाहिला. फायबर जोडलेली असल्याचा पॉनचा दिवा स्थिर हिरवा, सिग्नल तुटल्याचा एलओएसचा लाल दिवा बंद. म्हणजे रस्त्यावरून येणारी फायबर शाबूत होती. तक्रारीच्या नंबरवर फोन केला, तिकडूनही तेच उत्तर, "मॅडम, लाइन ओके आहे." लाइन ठीक, सिग्नल पूर्ण, आणि पोर्टल उघडत नाही. शेवटी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून रात्री साडेदहापर्यंत चारही रिटर्न भरली. पण त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्या महिन्यातही २० तारीख येणारच होती.

आमचं घर म्हणजे काळाराम मंदिराच्या मागच्या बाजूचा जुना वाडा. खाली ओसरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि लाकडी जिन्याने वर गेलं की माडी. माझं टेबल, कॉम्प्युटर आणि प्रिंटर माडीवर. भिंती विटा-मातीच्या, जवळजवळ दोन फूट जाडीच्या. उन्हाळ्यात या भिंती घर थंड ठेवतात, पण वायफायला त्या आडव्या येतात. राउटरच्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झच्या लहरीचा वेग चांगला, पण अशा भिंतीतून ती फारशी जात नाही. २.४ गिगाहर्ट्झची जरा जास्त आत शिरते, तीही माडीवर पोहोचेपर्यंत दमलेली असते.

त्यात सुरुवातीला राउटर माजघरातल्या फडताळात ठेवला होता, सासूबाईंच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या रांगेत. दिसायला नको म्हणून. एका बाजूला हंडा, दुसऱ्या बाजूला परात, वर लाकडी फळी. धातूवर रेडिओ लहरी आपटून परततात, त्यामुळे त्या फडताळातून निम्मा सिग्नल बाहेरच पडत नव्हता. राउटर ओसरीवर उंच खुंटीपाशी नेला आणि खालचं सगळं घर सुधारलं. माडी तरी कोरडीच राहिली.

म्हणून एप्रिलमध्ये दुसरा, लहान राउटर आणला. जोडणीला आलेल्या मुलाने तुळईच्या कडेकडेने केबल वर नेली, दोन्ही राउटरना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला, माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ चालवून दाखवला, "काकू, झालं बघा," म्हणाला आणि गेला. आणि खरंच चाललं. मध्येच कधी पाहुण्यांच्या फोनला नेट मिळायचं नाही, कधी प्रिंटर हरवायचा. मी बंद-चालू करायचे आणि कामाला लागायचे. त्या छोट्या कुरबुरी तेव्हाच मनावर घ्यायला हव्या होत्या.

२१ तारखेला सकाळी पुण्याला मुलाला फोन केला. त्याने राउटरबद्दल काही विचारलंच नाही.

"आई, काल घरात कुणाचंच नेट चालत नव्हतं का?"

"आजीचं चालत होतं. त्या देवळातून आठ वाजता आल्या, त्यानंतर त्यांच्या फोनवर कीर्तन चालू होतं."

"मग फोनच्या वायफायच्या नावावर टिचकी मार आणि गेटवे काय लिहिलाय ते वाच."

माझ्या फोनवर होतं १९२.१६८.०.१. सासूबाईंचा फोन आणून पाहिला, त्यावर १९२.१६८.१.१. नाव एकच, काड्या सारख्याच, आणि दोन फोनांचे दरवाजे वेगळे.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला, म्हणजे फोन, कॉम्प्युटर, प्रिंटर, टीव्ही यांना एक आयपी पत्ता लागतो. हा पत्ता राउटर वाटतो, आणि वाटणाऱ्या त्या सोयीला डीएचसीपी म्हणतात. नवा फोन घरात आला की तो मोठ्याने विचारतो, "मला पत्ता कोण देतं?" जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेऊन बसतो. त्या पत्त्याबरोबरच "बाहेर जायचं तर या दारातून जा" हेही त्याला सांगितलं जातं. तेच गेटवे. आमच्या घरात एकाच पेढीवर दोन मुनीम बसवले होते आणि दोघांच्याही हातात पावतीपुस्तक होतं. खालच्या मुनिमाच्या पावतीवर गेलं तर रस्ता उघडा. वरच्याच्या पावतीवर गेलं तर समोर भिंत, कारण माडीवरच्या राउटरला स्वतःचं इंटरनेट नव्हतंच.

असं झालं कारण त्या मुलाने केबल माडीवरच्या राउटरच्या निळ्या, वॅनच्या (बाहेरचं नेट आत घ्यायच्या) भोकात न घालता पिवळ्या लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या) भोकात घातली होती. त्यात चूक काहीच नाही. मात्र तसं जोडलं तर त्या राउटरचं पत्ते वाटणं बंद करावं लागतं, आणि ते राहून गेलं होतं.

मग दोन महिने चाललं कसं? हे कळलं तेव्हा माझ्या मनातली गाठ सुटली. एकदा मिळालेला पत्ता उपकरण सांभाळून ठेवतं आणि मुदत संपत आली की ज्याने दिला त्याच्याकडूनच वाढवून घेतं. जुनी उपकरणं खालच्या राउटरची होती, ती तिथेच टिकून राहिली. २० तारखेला वीज गेली आणि सगळं एकदम पहिल्यापासून सुरू झालं. माडीवरचा लहान राउटर चाळीस सेकंदांत जागा होतो, खालच्या फायबरच्या डब्याला तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात लहान राउटरने घरातल्या सगळ्यांना आपल्या पावत्या वाटून टाकल्या. सासूबाई देवळात होत्या म्हणून त्यांचा फोन तेवढा वाचला.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर सांगते. आधी दोन राउटरमधली केबल काढली. मग खालच्या राउटरच्या पानावर गेले. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता, १९२.१६८.१.१, टाकायचा, आकडे अर्थात इंग्रजी. तिथे पत्ते वाटण्याची हद्द १.२ पासून १.२५४ पर्यंत होती (आधीचे १९२.१६८ सगळीकडे तेच), म्हणजे सगळाच गाव वाटपात. ती १.१०० ते १.२०० अशी आखून घेतली, म्हणजे खालचे पत्ते आपल्या हातात राहतात. मग लॅपटॉप केबलने माडीवरच्या राउटरला जोडला, १९२.१६८.०.१ उघडलं, आणि लॅनच्या पानावर त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. सेव्ह केल्यावर पान गायब होतं. घाबरायचं नाही, राउटरचं घरच बदललंय, तो जुन्या पत्त्यावर कसा भेटेल? लॅपटॉपची केबल काढून परत लावली, नव्या पत्त्यावर पान उघडलं आणि डीएचसीपी सर्व्हर बंद केला. सगळ्यात शेवटी दोन राउटरमधली केबल पुन्हा लॅन ते लॅन. हल्लीच्या पुष्कळ राउटरमध्ये ऍक्सेस पॉइंट मोड नावाचं एकच बटण हे सगळं करतं. आमच्या लहान राउटरमध्ये ते नाही.

केबल निळ्या भोकात घातली असती तरी नेट चाललं असतं, हे मुलाने नंतर सांगितलं. पण मग माडीचं वेगळं जाळं झालं असतं आणि ओसरीवरच्या फोनला माडीवरचा प्रिंटर सापडला नसता. एका घरात एकच जाळं हवं, हे मला हिशेबासारखंच वाटतं. दोन वह्यांत एकच खातं लिहिलं की कधीतरी फरक येतोच.

प्रिंटरचा पत्ता मी कायमचा बांधून टाकला. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातूनच बारा अक्षर-आकड्यांची एक ओळख मिळते, मॅक ऍड्रेस. प्रिंटरच्या सेटिंगचा कागद छापला, त्यावरून ती उतरवून घेतली आणि खालच्या राउटरमध्ये तिच्या नावावर १.१५० राखून ठेवला. आता वीज कितीही वेळा जावो, प्रिंटर जागचा हलत नाही.

मग चॅनेल, म्हणजे वायफाय ज्या ठरावीक पट्ट्यात चालतं तो. माडीवर उभं राहून फोनवरच्या ऍपमध्ये पाहिलं तर तेवीस वायफायची नावं दिसली. आमच्या आजूबाजूला धर्मशाळा, लॉज, नाश्त्याची दुकानं, आणि सिंहस्थ जवळ येतोय म्हणून रोज नवी पाटी. बहुतेक सगळे ६ नंबरच्या चॅनेलवर कोंडलेले. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात तेरा चॅनेल मिळतात, पण शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. एकमेकांना न धडकणारे नेहमीचे तीनच, १, ६ आणि ११. ओसरीवरच्या राउटरला १ दिला, माडीवरच्याला ११, आणि दोन्हीकडे रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ. फरक त्याच संध्याकाळी जाणवला.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही सगळी पोस्ट लिहायला बसले, ती. दोन्ही राउटरचा आत शिरायचा पासवर्ड 'ऍडमिन' होता. नावही ऍडमिन, पासवर्डही ऍडमिन. माझ्या कॉम्प्युटरवर अकरा दुकानदारांचे पॅन नंबर, बँकेची पासबुकं, विक्रीचे आकडे आहेत. माणसं विश्वासाने देतात. एकेकाचे वडील माझ्या सासऱ्यांकडे हिशेब लिहून घ्यायचे. आणि त्या सगळ्याच्या दारावर कारखान्यातलं कुलूप, ज्याची किल्ली अख्ख्या जगाला पाठ. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले राउटर आणि कॅमेरे असेच, कारखान्यातले पासवर्ड एकामागून एक वापरून ताब्यात घेतले होते. त्याला फार हुशारी लागली नव्हती. वायफायचा पासवर्ड बदलला म्हणजे हा बदलला असं होत नाही, हे दोन वेगळे आहेत. तुम्ही हे वाचताय तर आज घरी जाऊन एवढं एक तरी बघा, माझी विनंती आहे.

डब्ल्यूपीएसही बंद केलं. बटण दाबून जोडायची ती सोय. तिचा पिन आठ आकड्यांचा असतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरूनच निघतो. त्यामुळे कोट्यवधींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं केलं, आणि त्याचा पासवर्ड ओसरीवर खडूने लिहून ठेवलाय.

दिरांना मुंबईहून वाड्याच्या दारावरचा कॅमेरा बघायचा होता, त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून बघितलं. जमलं नाही. राउटरच्या वॅनच्या पानावर पत्ता १०० ने सुरू होत होता, १०० पॉइंट ६४ च्या पुढचा. म्हणजे कंपनी एकच खरा पत्ता अनेक घरांत वाटून देते, आणि बाहेरून आपलं दार ठोठावताच येत नाही. कॅमेऱ्याच्या ऍपवरून काम भागलं, तो विषय तिथेच सोडला.

एक गोष्ट राहिलीच होती. प्लॅन २०० मेगाबिटचा, ओसरीवर वेग १९० पर्यंत यायचा, माडीवर मात्र नेमका ९४. रोज ९४. पुन्हा त्याच मुलाला बोलावलं. तो शिडी लावून तुळईपाशी चढला आणि केबल हातात घेऊन म्हणाला, "काकू, उंदीर." वरचं करडं आवरण खरवडलेलं, आतली तपकिरी जोडी तुटलेली. आत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, हजारला चारही लागतात. एक जोडी गेली की दोन्ही टोकं मुकाट १०० वर उतरतात, कुठलाही लाल दिवा न लावता. त्याने तुटलेला भाग कापला, तारा नखाने सरळ करून ओळीने लावल्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. अंगठ्याने त्या आठ टोकांना एका रेषेत धरून त्याने ती केबलच्या टोकाला बसणाऱ्या बोंडात सरकवली आणि टूल दाबलं. अगदी वातीचं टोक वळावं तसं नाजूक काम. चहा पिता पिता मी त्याला डीएचसीपीचं सांगितलं. त्याने लगेच फोन काढून लिहून घेतलं, "म्हणजे मी लॅनला जोडलं की ते बंद करायचं." दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, मखमलाबाद नाक्याच्या एका घरी असंच जोडून आला होता, तिथे जाऊन बंद करून आला.

आता राउटरशेजारी लाल कापडी बांधणीची एक वही टांगलेली आहे. डाव्या बाजूला पत्ता, उजव्या बाजूला उपकरण, आणि कुठली सेटिंग कधी बदलली त्याची तारीख. पासवर्ड त्यात नाहीत, ते कपाटात.

गेल्या रविवारी दुपारी मी मुद्दाम मेन स्विच पाडला. सासूबाईंना आधी सांगून ठेवलं होतं. दहा मिनिटांनी चालू केला आणि माडीवर जाऊन बसले. लहान राउटरचा दिवा आधी लागला. फोन त्याला जोडला गेला आणि पत्त्यासाठी थांबून राहिला. लहान राउटर गप्प. तीन मिनिटांनी खालून सासूबाईंनी हाक मारली, "हिरवा आला गं!" फोनवर पाहिलं, गेटवे १९२.१६८.१.१. मी एक कोरी पावती छापायला सोडली, आणि प्रिंटर घरघरला.