अण्णांची औटकी

गुहागर, आषाढ.

पाऊस दिवसभर धरून आहे आणि लाइट दुपारीच गेली. इन्व्हर्टर कधी मान टाकेल सांगता येत नाही, म्हणून आज लवकर लिहायला बसले.

घरच्या ग्रुपवर तो साडेतीन मिनिटांचा निरोप पुन्हा फिरून आला. रात्री लघवीला उठताना अर्धं मिनिट पडून राहा, अर्धं मिनिट बसा, अडीच मिनिटं पाय खाली सोडा. नाहीतर मेंदूचं रक्त तुटतं आणि माणूस जागच्या जागी जातो. यंदा मुंबईच्या वन्संनी पाठवला. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. लोकांना घाबरवण्याची एवढी हौस कशाला? मुळातली गोष्ट खरी आहे, तिला वरून फोडणीची गरज नव्हती.

आडवा माणूस उभा राहिला की साधारण अर्धा ते एक लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत दाबावर लक्ष ठेवणारे मज्जातंतू असतात. ते लगेच वर्दी देतात, रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढतात. तरुणपणी हे कळतसुद्धा नाही. उतारवयात ही वर्दी उशिरा पोचते. त्यात बीपीच्या गोळ्या, जुना मधुमेह, दिवसभर कमी प्यालेलं पाणी. मग डोळ्यांपुढे अंधारी येते. अंधारी जाते हो क्षणात, पण तेवढ्यात माणूस पडतो आणि खुबा मोडला की म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं.

आमचे अण्णा एक्याऐंशीचे. डॉक्टरांनी सांगितल्यावर मी त्यांचं बीपी निजवून मोजलं, मग उभं करून एका मिनिटानं आणि पुन्हा तिसऱ्या मिनिटाला. निजून वरचा आकडा १४८, उभ्यानं १२२. तीन मिनिटांच्या आत वरचा २० किंवा खालचा १० नं उतरला तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. घरी एकदाच बसून बीपी मोजणाऱ्यांना हे कधी दिसायचंच नाही. डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळची सकाळवर नेली आणि प्रोस्टेटच्या गोळीबद्दल बजावलं, की हिनंही दाब उतरतो, तेव्हा उठताना घाई नको.

ही प्रोस्टेटची गोळी प्राझोसिनच्या कुळातली. आमच्या कोकणात ते नाव माहीत आहे ते विंचवामुळे. लाल विंचू चावल्यावर पोरंसोरं पटापट दगावत, तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून माणसं वाचवली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते औषध दिलेल्या पेशंटला एकदम उठवून उभं करायचं नसतं, दाब पडतो म्हणून. गंमत वाटली मला. विंचवावरच्या औषधाचं पथ्य आमच्या पलंगापर्यंत पोचलं.

पलंग! त्यावरून घरात महाभारत झालं. शिसवीचा, आजेसासऱ्यांच्या वेळचा, आणि इतका उंच की कडेला बसलं तरी अण्णांचे पाय लोंबकळत. तळवे जमिनीला टेकल्याशिवाय उठू नये, हे किती वेळा सांगावं? पायाशी पाट ठेवू म्हणाले. तो सरकला म्हणजे? शेवटी माजघरातली बुटकी खाट आत आली आणि पलंगावर आता वाळवणाचे डबे आहेत. अण्णा अजून मनातून नाराज आहेत.

खोली ते न्हाणी हा रस्ता मात्र मी नीट केला. आमच्या जुन्या घरात दाराला दार तसा उंबरठ्याला उंबरठा. दोन्ही उंबरठ्यांच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढला, अंधुक उजेडातही तो दिसतो. मधलं पायपुसणं उचललं, कारण पावसाळ्यात ते कधी कोरडं नसतंच. न्हाणीत हाताशी दांडी ठोकून घेतली. बॅटरी उशाशी, खुंटीला दोरीनं बांधलेली, म्हणजे चाचपडताना खाली पडत नाही. बॅटरी लावल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही हा नियम तर सासूबाईंच्या वेळेपासूनचा. पावसाळ्यात मण्यार घरात शिरते, ती कुणाला विचारून येत नाही. मच्छरदाणीही त्याचसाठी गादीखाली खोचलेली. आणि रात्री लघवी बसूनच करायची, पुरुषांनीसुद्धा. उभ्यानं करताना चक्कर येऊन पडलेले मला वाडीतच ठाऊक आहेत.

आता राहिली ती साडेतीन मिनिटं. "मला काय धाड भरल्ये? लागली की लागली, अडीच मिनिटं पाय सोडून कोण बसणार?" हे अण्णांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. इतका वेळ अडवून धरलं तर माणूस पुढे धावतच सुटेल. मी म्हटलं, मिनिटं राहू देत, आधी पडल्या पडल्या पावलं वरखाली करा, मग बसा आणि डोकं ठिकाणावर आहे असं वाटलं की उठा. तर म्हणाले, "साडेतीनचंच आहे ना? मग औटकी म्हणतो." जुने मास्तर ते, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आता रात्री भिंतीपलीकडून ऐकू येतं, बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. दहापर्यंत गेले की उठतात. पाढा अडखळला तर मीच हाक मारते.

उठणंच कमी व्हावं म्हणून दुपारचं एक आहे. दिवसभर पाय खाली सोडून बसलं की त्यांत पाणी उतरतं, आणि रात्री आडवं झाल्यावर तेच लघवी होऊन बाहेर येतं. म्हणून दुपारी ओटीवर आरामखुर्चीत, पाय स्टुलावर. संध्याकाळचा दुसरा चहा बंद. पाणी मात्र तोडलेलं नाही, ते दिवसा पोटभर प्यायचं आणि जेवणानंतर घोटभर. उठायला नको म्हणून दिवसभर पाणीच न पिणारी माणसं मे महिन्यातल्या घामात आणखी चक्कर खातात.

काठीचं काही जमलेलं नाही. आणलेली काठी खिडकीच्या गजाला लटकते आहे आणि अण्णा तिच्यावर पंचा वाळत घालतात. धाकट्या दिरांना सांगून बघते, त्यांचं ऐकतात कधी कधी.